नथ, दाढ आणि पाचवी नस

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका सुनेचं पत्र आलं आहे. सासूबाई 61 वर्षांच्या. तीन वर्षांपासून त्यांच्या डाव्या गालात, नाकाच्या कडेला आणि वरच्या दाढांत अचानक कळ येते. आतापर्यंत तीन दाढा काढून झाल्या. प्रत्येक वेळी काही महिने बरं वाटलं आणि कळ परत आली. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला, ‘रक्तवाहिनी नसेला टेकली आहे’ असं सांगितलं आणि कार्बामाझेपिनच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी गुंगी आली, न्हाणीघरात तोल गेला, त्यात औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं की ही तर फिटची गोळी. आठ दिवसांत गोळ्या बंद झाल्या. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा घर घाबरलं. आता सासूबाईंचा हट्ट आहे की चौथी दाढ काढा, आणि त्यांच्या मुलाने पुढच्या सोमवारची वेळही घेतली आहे.

सून लिहिते: “रात्री शांत झोपतात. टीव्ही बघताना काही होत नाही. जेवायला बसलं किंवा पाहुणे आले की लगेच कळ. कळ गेली की दोन मिनिटांत काही झालंच नाही अशा दिसतात. दिरांच्या लग्नात नथ घालायला नको म्हणाल्या, सगळ्या पाहुण्यांत चर्चा झाली. मी चिडून बोलले की हे सगळं नाटक आहे. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. खरंच नाटक असेल का? आणि दाढ काढू द्यावी की ऑपरेशन करावं?”

ताई,

तुमच्या पत्रातल्या नथीपाशी मी थांबले. मी पंचवीस वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. डोक्याच्या नसा शिकवताना मी मुलांना स्वतःच्या नाकपुडीच्या कडेवर बोट ठेवायला सांगायचे आणि तिथून ते वरच्या ओठापर्यंत आणायला. चेहऱ्याच्या या दुखण्यात कळ पेटवणारी जी ठिकाणं आहेत, त्यांत ही बोटभर जागा सगळ्यात नेहमीची. नथीचा आकडा तिथेच असतो आणि मोती तिथेच ओठावर टेकतात. डाव्या नाकपुडीत नथ आणि डाव्या गालात कळ! तुमच्या सासूबाई त्या दिवशी रुसल्या नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. पंगतीत चारशे माणसांसमोर चेहऱ्यातून वीज गेली तर काय करायचं, ही भीती होती ती.

आता तुमचे बाकीचे पुरावे बघू. रात्री शांत झोपतात: या आजारात झोपेत कळ क्वचितच येते. टीव्ही बघताना काही होत नाही: तेव्हा तोंड हलत नाही, गालाला काही लागत नाही. जेवताना येते: चावल्याने येते. पाहुणे आले की येते: पाहुण्यांशी बोलावं लागतं, आणि बोलताना वरचा ओठ हलतो. कळ गेली की दोन मिनिटांत काही झालंच नाही अशा दिसतात: कळ असतेच काही सेकंदांची, फार तर दोन मिनिटांची, आणि दोन कळांच्या मध्ये माणूस अगदी ठीक असू शकतो. ज्या ज्या गोष्टींमुळे तुम्हाला हे नाटक वाटलं, त्याच गोष्टी विचारून डॉक्टर या आजाराचं निदान करतात. म्हणजे तुमचं निरीक्षण चोख आहे, फक्त निष्कर्ष चुकला. तुम्ही पत्रात जे लिहिलंत ते जसंच्या तसं कागदावर उतरवून मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. अशी नेमकी माहिती घरची माणसं क्वचितच देतात.

या आजाराचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, बारा जोड्या आहेत. त्यांतली पाचवी सगळ्यात जाड, आणि चेहऱ्याला जे जे जाणवतं ते बहुतेक तिच्यामार्फत मेंदूला कळतं. तिला तीन फाटे. डावा तळहात चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर असा ठेवा की एक बोट कपाळावर, एक गालावर आणि एक खालच्या जबड्यावर येईल. पहिला फाटा कपाळ आणि डोळ्याचा. दुसरा गाल, नाकाची कड, वरचा ओठ आणि वरच्या दातांचा. तिसरा खालचा जबडा, खालचे दात आणि हनुवटीचा, शिवाय चावण्याचे स्नायूही तोच चालवतो. दुखणं बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या फाट्यात असतं. जबड्याचा मागचा कोपरा, कानाच्या पाळीखालचा, तेवढा मात्र पाचवीकडे नाही. तिथल्या त्वचेची जाणीव मानेतून वर आलेल्या नसेकडे आहे. दुखणं नेमकं कुठून कुठे जातं हे बोटाने दाखवायला डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात आणि मज्जातंतूलाही शीर म्हणतात, त्यामुळे ‘शीर शिरेला टेकली’ असं ऐकलं की कुणालाच काही उमगत नाही. इथे घडतं ते असं. पाचवी नस मेंदूच्या खालच्या भागातून, कानाच्या मागे आत खोलवर, बाहेर पडते. तिच्या मुळाशी एखादी धमनी चिकटलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती धमनी नसेवर आपटते. वर्षानुवर्षं असं झालं की नसेवरचं आवरण त्या जागी झिजतं. मग स्पर्शाचे संदेश नेणारे तंतू आणि वेदनेचे तंतू एकमेकांत लागतात, जशा सोललेल्या दोन तारा लागतात तशा. पदर गालाला लागला हा साधा संदेश मेंदूला विजेचा झटका म्हणून पोहोचतो.

मग दाढ का दुखते? कारण बिघाड वाटेत कुठे झालाय हे मेंदूला कळत नाही. तार कुठून येते एवढंच त्याला ठाऊक, आणि ही तार येते वरच्या दाढांकडून. सासूबाईंना दाढ दुखल्यासारखी वाटते यात खोटं काहीच नाही. त्यांना ती तिथेच दुखते. पण बिघाड दाढेपासून दूर, कवटीच्या आत आहे.

तुमच्या घरातल्या सगळ्यांची जी समजूत पक्की झाली आहे, की दाढ काढल्यावर बरं वाटतं, तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चौथी दाढ वाचणार असेल तर ती हे पटल्यावरच. हा आजार सुरुवातीच्या काळात आपण होऊन थांबतो. आठवडे, महिने, कधी वर्षभरसुद्धा. मग परत येतो, आणि पुढे पुढे हे मधले चांगले दिवस कमी होत जातात. माणूस दाढ काढायला कधी जातो? कळा अगदी असह्य झाल्या की. आणि असह्य काळानंतर शांत काळ यायचाच असतो. म्हणून त्या आधी शेवटचं जे केलं त्याला श्रेय मिळतं, मग ती दाढ असो, काढा असो की कुणी बांधलेला दोरा. दुसरी गोष्ट, दंतवैद्य तिथे भूल देतात तेव्हा कळ पेटवणारी जागाच बधिर होते आणि कळ थांबते. त्यामुळे दंतवैद्य आणि रोगी दोघांनाही वाटतं की सापडलं, हीच दाढ.

माझ्या आत्याचे एका बाजूचे वरचे सगळे दात असेच गेले. ती प्रत्येक दाताच्या वेळी हाता-पाया पडायची की काढा. मी तेव्हा शाळेत होते. दात संपले आणि कळ हिरडीत राहिली. पुढे मी ही नस शिकले, त्या दिवशी वसतिगृहात आत्याची आठवण येऊन मला जेवण गेलं नाही. म्हणून सासूबाईंच्या हट्टाला मी हट्ट म्हणणार नाही. ही वेदना कशी असते ते माहीत असलेलं माणूस तसं म्हणू शकत नाही. पण त्यांचं ऐकून दाढ काढणं हे त्यांच्यावरचं प्रेम असलं तरी त्यांच्या भल्याचं नाही.

दाढ खरोखर किडलेली असू शकत नाही का? असू शकते, आणि तेवढं तपासून घ्यावंच. किडक्या दाढेचं दुखणं ठणकतं, तासन्‌तास राहतं, रात्री उठवतं, गरम-गारने वाढतं, दाढेवर ठोकलं की दुखतं. एक्स-रेमध्ये मुळाशी काहीतरी दिसतं. या नसेचं दुखणं सुईसारखं, झटक्यासारखं येतं आणि जातं. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या, पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, तिथे फारशा चालत नाहीत. तुमच्या घरी पॅरासिटामॉलच्या किती पट्ट्या संपल्या ते आठवून पाहा.

आता त्या फिटच्या गोळीबद्दल. दुकानातल्या माणसाने चुकीचं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. कार्बामाझेपिन फिटसाठी वापरतात हे खरं, पण 1962 पासून ते या चेहऱ्याच्या दुखण्यावरही वापरलं जातं आणि आजही पहिलं औषध तेच आहे. कारण साधं आहे. फिटमध्ये मेंदूतल्या पेशी विनाकारण पेटतात, इथे नस विनाकारण पेटते. ही गोळी दोन्ही ठिकाणी ते पेटणं शांत करते. सासूबाईंना फिट येत नाहीत, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला नाही, आणि शेजारी काही म्हणत असतील तर त्यांना एवढंच सांगा.

पण त्यांचा न्हाणीघरात तोल गेला ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. 61 व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर वेगळंच संकट उभं राहील. ही गोळी अगदी थोड्या प्रमाणात सुरू करून दर काही दिवसांनी हळूहळू वाढवायची असते. पहिल्या दिवसांत गुंगी येते, ती बऱ्याच जणांची पुढे कमी होते. गोळी सुरुवातीपासून जास्त दिली गेली होती का, हे चिठ्ठी दाखवून विचारा. आणखी एक महत्त्वाचं. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड असं लिहिलेलं, तर दोन्ही मिळून रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सोडियम उतरलं की गुंगी, तोल जाणं, गोंधळल्यासारखं होणं हे सगळं होतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं. रक्तदाबाची काही औषधं, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल, कार्बामाझेपिनचा रक्तातला अंश वाढवतात, त्यानेही गुंगी येते. म्हणजे ‘गोळी सोसत नाही’ असं म्हणून सोडून देण्याआधी विचारायला बरंच काही आहे. तरीही नाहीच सोसली तर ऑक्सकार्बाझेपिन आहे, इतरही आहेत. त्यातही सोडियम बघावं लागतंच.

पुरळाबद्दल मात्र अजिबात वाट बघायची नाही. गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा ताप आला तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. क्वचित कुणाला या औषधाची त्वचेवर फार गंभीर प्रतिक्रिया येते. आशियातल्या काही लोकसमूहांत एका विशिष्ट जनुकामुळे हा धोका जास्त असतो आणि त्यासाठी रक्ताची चाचणी आहे. आपल्याला ती करायची का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. पुरळासारखं कारण नसेल तर गोळी एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करत आणावी. हे वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी एक वाक्य: या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि मूल हवं असेल तर हे आधीच बोलावं लागतं.

ऑपरेशनचा निर्णय लगेच घ्यायची गरज मला तरी आज दिसत नाही. औषध नीट, पुरेसा काळ देऊन पाहिलंच गेलेलं नाही, आठ दिवस म्हणजे काहीच नव्हे. पण ‘मेंदूचं ऑपरेशन’ या शब्दांनी घर घाबरलंय, तर त्यात काय करतात तेवढं समजून घ्या. 1930 च्या दशकात वॉल्टर डँडी या शल्यचिकित्सकांना ही नस कापताना धमनी तिला टेकलेली वारंवार दिसली. पुढे 1960 च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नस न कापता ती धमनीच बाजूला करायला सुरुवात केली. आजही तेच करतात. कानामागे कवटीला लहानसं छिद्र पाडून धमनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारीकसा बोळा ठेवतात. मेंदू कापत नाहीत, नसही कापत नाहीत. दहातल्या आठ-नऊ जणांना लगेच आराम पडतो, आणि दहा वर्षांनंतरही दहातले सुमारे सात जण वेदनेशिवाय असतात. धोके आहेत: त्या बाजूचं ऐकू येणं कमी होऊ शकतं, चेहरा बधिर राहू शकतो, मेंदूभोवतीचं पाणी झिरपू शकतं, आणि क्वचित पक्षाघात किंवा मृत्यूही. म्हणून जिथे ही शस्त्रक्रिया नेहमी होते अशा ठिकाणीच ती करावी आणि सर्जनला थेट विचारावं, “तुम्ही आतापर्यंत अशा किती केल्यात?” हा प्रश्न उद्धट नाही.

ज्यांना पूर्ण भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नसेला जिथे तीन फाटे फुटतात तिथे उष्णता देणं, फुगा फुगवून दाबणं, किंवा गॅमा नाइफने किरणं देणं असे मार्ग आहेत. त्यांत चेहरा बधिर होण्याची आणि दुखणं परत येण्याची शक्यता जास्त, गॅमा नाइफचा गुण यायला तर आठवडे-महिने लागतात. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड घेऊन आधीच विचारा.

सासूबाईंचा चेहरा वाकडा होईल का, ही भीतीही असेल. पाचवी नस जाणीव नेते, चेहरा हलवते ती सातवी. हा आजार वाढून तोंड वाकडं होत नाही. उलट कुणाचंही तोंड अचानक वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर ते वेगळं आणि तातडीचं. वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. पत्रातल्यासारखीच कळ ज्यांना येते त्यांनी हेही पाहावं: वय चाळिशीच्या आतलं आहे, कळ दोन्ही बाजूंना आहे, मधल्या वेळात गाल बधिर राहतो किंवा एका कानाने कमी ऐकू येतं. यांतलं काही असेल तर एमआरआय टाळू नका, कारण तिथे धमनीऐवजी दुसरं काही असू शकतं. आणि अहवाल निर्मळ आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. कधी कधी धमनी टेकलेली असूनही माणसाला काही होत नाही, आणि कधी काही दिसत नसूनही दुखतं. निदान लक्षणं ऐकूनच होतं.

घरात काय करता येईल? गोळी घेतल्यानंतर कोणत्या तासाला त्यांना सगळ्यात बरं वाटतं ते तीन-चार दिवस बघा आणि मुख्य जेवण त्या वेळेला ठेवा, घरातल्या सगळ्यांसोबत बसण्याचा आग्रह थोडे दिवस सोडा. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, मऊ भात, पेज, शिरा, सगळं कोमट. पंखा डोक्यावर नको, मोटारसायकलवरून नेताना गालावर ओढणी सैल न ठेवता नीट बांधा, कारण वाऱ्याने उडणारा पदर जास्त बाधतो. दात घासणं मात्र बंद होऊ देऊ नका. या आजारात माणसं ब्रशला घाबरतात आणि मग दात खरोखरच किडतात. मऊ ब्रश, कोमट पाणी, कळ येऊन गेल्यानंतरच्या शांत मिनिटात. न्हाणीघरात खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडी, ही याच आठवड्यात.

वजन उतरत असेल किंवा ‘आता नको हे जगणं’ असं त्या बोलून गेल्या असतील, तर ते वाक्य बोलण्यातलं समजून सोडू नका. डॉक्टरांना सांगा. 14416 या टेली मानसच्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, तुमच्यासाठीसुद्धा. तीन वर्षं घर तुम्हीही ओढताय, हे मला पत्रातून दिसतंय.

‘नाटक’ या शब्दाबद्दल आता. तुम्ही तो रागात बोललात आणि मला तो लिहून पाठवलात, म्हणजे तो तुम्हालाही टोचतोय. माफी मागायला शब्द फार लागत नाहीत, आणि त्यांना उत्तर द्यायला लावू नका, बोलल्याने कळ येते. जवळ बसा आणि सांगा, “आई, तुम्ही नथ का नको म्हणालात ते मला आता कळलं.” एवढंच. त्या लगेच बोलतील असं नाही. हे वाक्य तुमच्या यजमानांसमोर आणि जमलं तर दिरांसमोरही बोला, कारण लग्नात त्यांच्याबद्दल झालेली चर्चा त्या अजून मनात धरून असणार.

आणि सोमवारची वेळ रद्द करू नका. तिथे जा, एमआरआयचा अहवाल, मेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी आणि आधीच्या तिन्ही दाढांचे कागद घेऊन जा. दंतवैद्यांना म्हणा, “या दाढेत काय बिघडलंय ते आम्हाला एक्स-रेवर दाखवा.” दाखवता आलं तर तिच्यावर उपचार करा, काढण्याआधी वाचवता येते का ते विचारा. नाही दाखवता आलं तर यजमानांना म्हणा, तिथूनच मेंदूविकारतज्ज्ञांना फोन लावा आणि त्याच आठवड्यातली वेळ घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकायला विसरू नका.